चुन्याला झोपू द्यावं

दसऱ्याचं सोनं वाटून घरी आलो की माझा उजवा खांदा दुखायला लागतो. डॉक्टर म्हणतात, वय. आमची द्वारका म्हणते, नाटकं. दोघांचंही बरोबर असेल; पण मूळ कारण तिसरंच आहे आणि ते चुन्याचं आहे. या दिवसांत सकाळच्या हवेला जराशी धार येते, उतईकडच्या बांध्यांमध्ये धान पिवळं पडायला लागतं, आणि घराघरांतलं सामान अंगणात येऊन बसतं. पलंग, पेट्या, पिठाचे डबे, देवांच्या तसबिरी. अख्ख्या वस्तीची बदली झाल्यासारखं वाटतं. मग कुठून तरी ओल्या चुन्याचा वास येतो. म्हणजे हल्ली तो येत नाही, मला येतो. आणि खांदा ठणकतो.

यंदाही दुर्गजवळ बोरसीतल्या या घरात पेंटर आले. मुलानं बोलावले. माझा मुलगा वाक्य मराठीत सुरू करतो आणि हिंदीत पोचतो. म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त खुर्चीवर बसा, बाकी सब ये लोग देख लेंगे." त्या लोकांच्या म्होरक्यानं पत्त्यांच्या कॅटासारखा रंगांचा गठ्ठा माझ्यासमोर उलगडला. त्यात पांढऱ्याचेच बावीस प्रकार. एक हस्तिदंती, एक मोतिया, एक सकाळच्या धुक्याचा. मी म्हटलं, बाबा रे, आमच्या वेळी पांढरा एकच होता, आणि तोही आठ दिवसांत गुलाबी होई. तो हसला. त्याला वाटलं म्हातारा फेकून राहिला.

फेकतोच मी. पण तेव्हाची भिलाईच अशी होती की खरं सांगितलं तरी फेकल्यासारखं वाटे. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्षही झालं नव्हतं. एकीकडे लोखंड वाहायला लागलेलं, दुसरीकडे अर्धा कारखाना अजून उभा व्हायचा. हवेत सदा लाल भुकटी. पांढऱ्या गाई सकाळी चरायला जात आणि संध्याकाळी गुलाबी होऊन परत येत. गुराखी त्यांना हंबरण्यावरून ओळखे. धुतलेलं धोतर दोरीवर टाकलं की वाळेपर्यंत भगवं. त्या वर्षी कामगार वसाहतीतल्या आमच्या सेक्टरात जेवढे साधू दिसले तेवढे कुंभमेळ्यातही दिसले नसतील, आणि त्यातला एकही साधू नव्हता. झाड म्हणाल तर एक बाभूळ. तिच्या सावलीत बसायच्यासुद्धा पाळ्या लावलेल्या. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळीवाल्यानं चांदण्यात जी काय सावली पडेल ती घ्यावी.

मी तिथे खलाशी होतो. समुद्र आजतागायत पाहिलेला नाही. कारखान्यात खलाशी म्हणजे तारेचे दोर, साखळ्या, कप्प्या लावून लोखंड वर चढवणारा माणूस. तारेच्या दोरांना काळं ग्रीस लावलेलं असे. ते शर्टात इतकं मुरे की रात्री शर्ट काढून ठेवला तर सकाळी तो कोपऱ्यात उभाच सापडे, हात पसरून, ड्युटीला तयार.

एक गोष्ट मात्र मी कधी वाढवून सांगत नाही, सांगताच येत नाही. थकवा. ते सगळं गावच थकलेलं होतं. माणसं सायकल चालवता चालवता झोपत. घास तोंडात धरून झोपत. कामावर सगळं 'मुदतीआधी' करायचं असे. हा खांब मुदतीआधी, ती चिमणी मुदतीआधी. पाट्या लागत, टाळ्या वाजत, आणि टाळ्या वाजवणारे दोन टाळ्यांच्या मध्ये एक डुलकी काढून घेत. अभिमान होता, खोटं कशाला बोलू. पण अभिमानानं पाठ सरळ होत नाही. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचं, तर घर कसलं? दीड खोली, भिंती राखाडी सिमेंटच्या. हात लावला की बोटांना पीठ लागे, तेही लाल.

त्या भिंतींमध्ये मी द्वारकेला आणलं होतं. तुमसरजवळच्या खेड्यातली मुलगी. शेणानं सारवलेल्या, दर सणाला पांढऱ्या मातीचा पोतारा फिरवलेल्या घरातली. वैशाखात आली. काही तक्रार केली नाही. भिंतीकडे पाहत बसे. मी ड्युटीवरून आलो की भाकर वाढायची, आणि मी भाकर चावता चावता झोपलो की ताट उचलून ठेवायची. आखाडात माहेरी गेली, तशी रीतच आहे. पण पोळा झाला, गणपती झाले, दसरा आला, तरी परतली नाही. आलं ते माझ्या सासऱ्यांचं कार्ड. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजींनी चार ओळी लिहिल्या होत्या. "जवाईबापूस आशीर्वाद. पोरीचं मन तेथे लागत नाही. म्हणते त्या घरच्या भिंती अंगावर येतात. धनतेरसला तिला घेऊन येतो, घर पाहू. राहण्याजोगं असलं तर ठेवून येईन, नाही तर आल्या पावली संगं घेऊन येईन."

अडचण नुसती भिंतींची नव्हती. लग्न ठरवायच्या बैठकीत मी सुपारी चघळत सांगून बसलो होतो की क्वार्टर म्हणजे बंगलाच समजा, आणि कारखान्याची सगळ्यात उंच चिमणी मी एकट्यानं रंगवली. वरून तुमसरचा बाजार दिसतो, हेही सांगितलं. कोणत्या दुकानात गर्दी होती तेसुद्धा सांगितलं.

शेजारच्या क्वार्टरात घोषबाबू राहत. बंगाली माणूस, जीव लावणारा. त्यांची खोली उतईच्या बिसाहू पेंटरनं रंगवलेली, आत गेलं की डोळ्यांना पाणी पाजल्यासारखं वाटे. त्यांनीच बिसाहूला माझ्याकडे पाठवलं. काळा, काटकुळा माणूस. सायकलच्या दांडीला अंबाडीच्या वाखाची कुची बांधलेली. त्यानं भिंतीवरून तळवा फिरवला, जसा वैद्य पोटावरून फिरवतो. म्हणाला, "आज भिंजोबो, तीन दिन चुना सुतही, तेखर पाछू लगाबो." म्हणजे आज भिजवू, तीन दिवस चुना झोपेल, मग लावू.

मी म्हटलं, "झोपेल? चुना?"

"सुते बिना मनखे नइ जागय बाबू," तो म्हणाला, "चुना कइसे जागही?"

झोपल्याशिवाय माणूस जागा होत नाही, तर चुना कसा होईल. आता वाटतं, त्या सबंध गावात तेव्हा शहाणा माणूस तेवढा एकच होता. पण धनतेरस पाच दिवसांवर, आणि मी मुदतीआधीवाला. जो माणूस शंभर फुटांवर लोखंड चढवतो त्याला दहा फुटांच्या भिंतीसाठी पेंटर लागतो? तीन दिवस चुन्याला झोप? इथे मला तीन तास मिळत नाहीत! मी बिसाहूला परत पाठवलं. घोषबाबूंनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अरे बाबा, लोहा ऊपर जाता है, चूना नीचे टपकता है. दोनों का काम अलग है." त्यांच्याकडे मी विजयी मुद्रेनं पाहिलं. ती मुद्रा माझी आवडती होती; अपयशाच्या आदल्या दिवशी तीच यायची.

धनतेरसच्या आदल्या सकाळी रात्रपाळी करून आलो. शर्टसुद्धा बदलला नाही. चुन्याचे खडे बादलीत टाकून वर पाणी ओतलं, तर बादली खदखदायला लागली. आमची भट्टी तिच्यापुढे चहाची किटली. वाफेनं छपराची कौलं वर उचलली गेली आणि परत बसली. दोन उलटी बसली, ती पुढे पावसाळ्यात गळाली. खदखद थांबली न थांबली तोच मी कामाला लागलो. गाळायचं असतं हे ठाऊक नव्हतं, डिंक घालायचा असतो हे ठाऊक नव्हतं. कुचीही माझीच: कामावरच्या जुन्या काथ्याच्या दोराचा तुकडा सोडवून बांबूला बांधलेला. पहिला हात दिला. भिंत ओली झाली, बस. रंग काही दिसेना.

ज्यानं कधी चुना लावला त्याला हे ठाऊक आहे, आणि मला ते त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. ओला चुना दिसत नाही. वाळतो तेव्हा पांढरा होतो. मला वाटलं, चुना कमी पडला. दुसरा हात दिला. तिसरा. भिंत तशीच राखाडी, ओलसर, हट्टी. ती भिंत आणि द्वारका मला एकच वाटायला लागल्या. काही केलं तरी तोंडावर फरक नाही. चौथा हात दिला तेव्हा खांद्यातून कळ निघाली. पाचव्याला मी चुन्याला शिव्या दिल्या, बिसाहूला दिल्या, मामाजींनाही एक सौम्यशी दिली. आणि मग म्हटलं, जरा टेकू. त्याच भिंतीला पाठ लावून खाली बसलो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली तेव्हा मी घोरत होतो. उभ्या जन्मात हीच एक गोष्ट मी दुसऱ्यांकडून ऐकून सांगतो, म्हणून हिच्यात मीठमसाला नाही.

मामाजीही मुदतीआधीवाले निघाले. धनतेरसऐवजी आदल्याच दुपारी दुर्गच्या स्टेशनावर उतरले. टांगा केला. सेक्टरात आल्यावर टांगेवाल्याला म्हणाले, "थांब राजा, लगेच परत जायचं असंल." द्वारकेची पेटी टांग्यातच राहिली. ते दोघं दारात आले. दार सताड उघडं. समोर भिंतीला टेकून मी: मान कलंडलेली, तोंड उघडं, हातात दोराची कुची, केसांवर, भुवयांवर, मिशांवर चुना वाळून पांढरा झालेला. मामाजी पुढे सांगत, "मले वाटलं, पोरगी चार महिने माहेरी राहिली तेवढ्यात जवाई म्हातारा झाला!"

ते मला हाक मारणार, तेवढ्यात कोणी तरी म्हणालं, "उठवू नोको."

कोण म्हणालं, यावर आयुष्यभर वाद राहिला. मामाजींचं म्हणणं, ते आपणच आपल्याशी म्हणालो. आपल्या ओट्यावरून पाहणारे घोषबाबू शपथेवर सांगत की आवाज बाईचा होता. द्वारकेला विचारलं तर ती म्हणे, "मले आठवत नाही." ज्या बाईला पस्तीस वर्षांपूर्वी कोणत्या नणंदेनं कोणत्या लग्नात किती लाडू नेले ते आठवतं, तिला हे आठवत नाही.

एवढं मात्र मामाजी आणि घोषबाबू दोघेही सांगत: द्वारका टांग्याकडे गेली आणि आपली पेटी स्वतः खाली उतरवली. मामाजी म्हणाले, "काय करून राहिली व?" ती म्हणाली, "टांगा सोडा, बाबा. घोड्याले किती वेळ उभं ठेवता?" मग बाप-लेक दुपारभर घोषबाबूंच्या ओट्यावर त्या पेटीवर बसून राहिले. दोनचा भोंगा झाला. दुपारपाळीच्या सायकली गेल्या, सकाळपाळीच्या आल्या. मी आपला घोरत.

ऊन कलल्यावर जाग आली. उठायला गेलो तर उठता येईना. शर्ट भिंतीला चिकटलेला. जोर केला, टर्रकन आवाज झाला, आणि मागे वळून पाहिलं. खोली दुधासारखी पांढरी झाली होती! डोळे दिपले. पाच हातांचा चुना एकदम जागा झाला होता. आणि त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीत मधोमध एक काळपट माणूस बसलेला: खांदे पडलेले, मान डावीकडे कललेली. अगदी माझ्या मापाचा. शर्टातलं सगळं ग्रीस भिंतीनं ओढून घेतलं होतं. मी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. आरशात माणूस नीट उभा राहतो, मिशीवर हात फिरवतो. भिंतीतला तो माणूस काही फुशारकी मारत नव्हता.

दारातून मामाजी म्हणाले, "रंगवलं तं झकास, जवाईबापू. पण हा पाहुणा कोण व्हय?"

मी चमकलो, पाया पडलो, आणि सवयीनं तोंड उघडलं: कारखान्यातल्या रशियन साहेबानं हा खास नवा नमुना शिकवला, असं काही तरी. पण तेवढ्यात भिंतच बोलली. फट्! न भिजलेला चुन्याचा खडा फुटून उडाला तो थेट मामाजींच्या टोपीवर. पाठोपाठ दुसरा. फट्, फट्. न झोपलेला चुना असा सूड घेतो. चहा होईस्तोवर खोलीत फुटाण्याची भट्टी लागली. मामाजी कपावर हात धरून म्हणाले, "इथं भिंतीही गप्प बसत नाहीत का बाप्पा? जशी घरधन्याची संगत." शिगडीमागून कोणी तरी हसलं. त्या घरात तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, म्हणून कोण हसलं ते कळायला क्षणभर वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी धनतेरसचा दिवा लावून मामाजी एकटेच निघाले. जाताना त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. ती म्हणाली, "तुमी जा बाबा. ह्यायले साधा चुना भिजवता येत नाही." मामाजींनी मान डोलावली. जणू एवढं कारण पुरेसं होतं.

दिवाळी आटोपल्यावर द्वारकेनं बिसाहूला बोलावलं. त्यानं भिंत खरवडली, माठात चुना भिजवला आणि वर फडकं झाकून कोपऱ्यात ठेवला, बाळंतिणीच्या खोलीसारखं. तीन दिवस तो त्या माठाला कुणाला हात लावू देईना. मीसुद्धा त्या खोलीत हळू चालत असे. मग एका सकाळी त्यानं एक हात आडवा दिला, एक उभा. जमिनीवर थेंब नाही. अंगावर थेंब नाही. घाई नाही. त्याच्या हाताकडे पाहत मी उंबऱ्यात बसलो होतो. आमच्या कारखान्यात एवढी यंत्रं होती, पण न दमता चालणारी गोष्ट मी ती एकच पाहिली. दमत नव्हता कारण तो काही सिद्ध करत नव्हता. दिवाळी तर होऊन गेली होती. मुदत टळली होती. त्याची त्याला फिकीर नव्हती, भिंतीला तर नव्हतीच.

भिंत सुंदर झाली. आठव्या दिवशी तिच्यात मी परत येऊन बसलो. फिका, पिवळसर, पण मीच. बिसाहूनं अंगठ्यानं डाग दाबून पाहिला. "ए दाग नइ जावय बाबू," म्हणाला, "भिथिया तेल पी डारे हे." भिंत तेल प्यायली आहे. मग दर दिवाळीला हेच. तो येई, चुना झोपवी, दोन हात देई, मी झाकला जाई. आणि देवदिवाळीपर्यंत पुन्हा हजर. पुढे मुलं झाली, ती त्याला 'भिंतीतले बाबा' म्हणत. मी दुपारपाळीला असलो की संध्याकाळी द्वारका त्याच्याचपुढे बसून तांदूळ निवडी. बोलत असेल का त्याच्याशी? मी कधी विचारलं नाही. तो माझ्यापेक्षा जास्त वेळ घरी असे, एवढं खरं.

रिटायर झालो तेव्हा क्वार्टरची किल्ली देऊन आलो. नव्या लोकांनी टाइल बसवली असेल, मला ठाऊक नाही. चुना गेला, डिस्टेंपर आला, तोही गेला. बिसाहू गेला. मामाजी गेले, घोषबाबू आपल्या मुलाकडे जाऊन तिकडेच वारले. आता मला कुणी विचारलं, खोली स्वतः रंगवावी की पेंटरला बोलवावं, तर मी सांगतो: पेंटरला बोलवा. डोळे मिटून बोलवा. स्वतः रंगवायला बसाल तर भिंतीत राहून जाल, आणि मग तिथून बाहेर यायला सबंध आयुष्य पुरत नाही.

आज दुपारी तो म्होरक्या माझ्या खुर्चीमागच्या भिंतीपाशी थबकला. मी रोज तिथेच बसतो. डोकं जिथे टेकतं तिथे तेलाचा गोल डाग पडला आहे, ताटलीएवढा. त्यानं नखानं खरवडून पाहिलं. म्हणाला, "माताजी, ये तेल का दाग है. कितना भी मारो, फिर निकलेगा. पुट्टी पूरी निकालनी पड़ेगी."

द्वारका गव्हातले खडे निवडत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "रहने दो उतना," म्हणाली.

तो चहाला गेला. मी म्हटलं, आता विचारून टाकावं. आपण दोघं काही अजून पन्नास दिवाळ्या रंगवणार नाही. "व द्वारके, त्या दिवशी टांगा कावून सोडला तू?"

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "अजी, तुमी एवढे बोलणारे. बैठकीत बोलले, लग्नात बोलले, चिठ्ठीत बोलले. त्या दिवशी पहिल्यांदा गप्प दिसले. मले वाटलं, ह्या माणसासंगं राहता येईन."

यावर माझ्याकडे एक जोरदार उत्तर होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण खांदा दुखत होता, ऊन पायांवर आलं होतं, आणि अंगणात मांडलेल्या सामानावर चिमण्या बसल्या होत्या. मी डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले.

पावलं वाजली. डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला. "अंकल, ज़रा कुर्सी..."

"उठवू नोको त्यायले," ती म्हणाली.

या वेळी मी जागा होतो. आवाज ओळखला. डोळे मात्र उघडले नाहीत.